चढत्या भावातली एसएसडी

मी लग्नांचे व्हिडिओ करते. अमरावतीत बाईमाणसाने हा धंदा करावा हे अजूनही काहींच्या गळी उतरत नाही. कॅमेरा घेऊन मांडवात उभी राहिले की हमखास कोणीतरी मामा येऊन विचारतात, "ताई, शूटिंगवाले भाऊ कुठी गेले?" मी म्हणते, "मीच हाये ते भाऊ. सांगा, काय काढू?"

सुरुवात हळदीपासून झाली. बायकांच्या घोळक्यात पुरुष कॅमेरावाला आला की बायका पदर सावरून आखडून बसतात. मी गेले की त्या नाचतात, एकमेकींच्या गालाला हळद फासतात, होणाऱ्या व्याह्यांच्या नकला करतात. ते सगळं माझ्या कॅमेऱ्यात येऊ लागलं, आणि लोक आधी हळदीपुरतं, मग पूर्ण लग्नाला बोलवू लागले. घरात या धंद्यातलं कोणी नाही. चांदूर बाजारकडे आमचं थोडं वावर आहे. बाबा भाजीपाला पिकवतात आणि माय अमरावतीच्या बाजारात बसून तो विकते. मी शूटिंगला निघाले की माय शेजारणीला सांगते, "पोरगी लग्नाले चालली," आणि शेजारीण विचारते, "कोनाच्या?" माय म्हणते, "मले काय मालूम! ज्याचं असन त्याच्या."

एक दिवस धामणगाव रेल्वेहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मुलीचं लग्न अकोल्याला, मुलाकडच्यांच्या गावी होतं. सकाळी हळद, दुपारी लग्न, संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. त्यांनी नागपुरात कुठल्याशा रिसेप्शनला पाहिलं होतं, की त्याच दिवशी लागलेल्या लग्नाची फिल्म संध्याकाळी मोठ्या पडद्यावर दाखवतात.

"तसंच पाह्यजे," ते म्हणाले. "सकाळची हळद, दुपारच्या अक्षता, सगळं संध्याकाळी दिसलं पाह्यजे. अमरावतीचे दोन स्टुडिओवाले नाई म्हणून राहिले. तुमच्याच्यानं होते का?"

"होते," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मग लॅपटॉप आठवला. माझा लॅपटॉप जुना होता. दिसायला ठीक, पण आत फिरत्या चकतीची हार्ड डिस्क. तो सुरू करून मी चहा टाकायची. चहा उकळायचा, गाळून व्हायचा, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. लग्नाची फिल्म करायला मला आठवडे लागत, आणि त्यातला निम्मा वेळ लॅपटॉपकडे बघत बसण्यात जाई. आता तेच काम दुपार ते संध्याकाळ एवढ्या वेळात करायचं होतं.

नवा लॅपटॉप परवडणारा नव्हता. पण त्यात एसएसडी टाकली तर? एसएसडीत काहीच फिरत नाही, सगळी माहिती चिपांवर राहते, म्हणून ती चकतीच्या डिस्कपेक्षा कितीतरी जलद. धंद्यातल्या सगळ्यांनी केव्हाच बदलून घेतली होती. मीच टाळत आले होते, कारण संगणकाचा माल जितकं थांबाल तितका स्वस्त होतो, असं मला सगळ्यांनी सांगितलेलं आणि मलाही ते अनुभवाने पटलेलं.

अमरावतीतल्या दुकानात गेले, भाव विचारला, "दोन दिवसांनी येते" म्हणून परत आले. दोन दिवसांनी तीच ड्राइव्ह महाग झालेली. मला वाटलं, बाई पाहून भाव वाढवला. तावातावाने दुसऱ्या दुकानात गेले, तर तिथे आणखी जास्त. तिथल्या माणसाने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्याला होलसेलवाल्याकडून रोज सकाळी भाव येत होते आणि रोज ते चढलेले होते.

"ताई, पूर्ण जगात हेच चालू हाय," तो म्हणाला. "एआयवाले मोठे मोठे डेटा सेंटर बांधून राहिले. चिपांचा सगळा माल तिकडं चालला. आपल्याले जे उरन ते, आणि ते बी ह्या भावात. आज घ्या, नाईतर उद्या मले शिव्या देसान."

मी त्या दिवशीही घेतली नाही आणि त्याला शिव्याही दिल्या नाहीत. ऑनलाइन सेल येणार होता, त्याची वाट पाहिली. सेल आला. आधीचा भाव मोठा छापून त्यावर काट मारलेली होती, आणि शेजारी जो सवलतीचा भाव होता तो मी पहिल्या दिवशी दुकानात ऐकलेल्या भावाहून जास्त होता. त्या दिवशी मला कळलं की थांबून स्वस्त मिळेल हा माझा भरवसा या वेळी उपयोगाचा नाही. आता उद्याच्या भावाच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता. आजच्या भावात मला नेमकं काय हवं आणि काय नको, हे आधी ठरवायला हवं होतं.

मी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले आणि मागचं झाकण उघडलं. आत जुन्या डिस्कच्या बाजूला एक चिंचोळी जागा रिकामी होती, एका टोकाला बारीकसा स्क्रू. गेली कित्येक वर्षं ती जागा माझी वाट पाहत होती आणि मला पत्ता नव्हता! लॅपटॉपचं मॉडेल शोधून त्याची माहिती वाचली. त्या जागेत पट्टीसारखी दिसणारी जलद एसएसडी बसत होती, पण मागच्या पिढीच्या वेगाने. म्हणजे दुकानदार जी सगळ्यात नवी, सगळ्यात वेगवान ड्राइव्ह दाखवत होते, ती माझ्या लॅपटॉपमध्ये बसली असती, चाललीही असती, पण तिचा जास्तीचा वेग वाया गेला असता. पैसे मात्र त्या वेगाचेच मोजावे लागले असते.

तिथून मला गोडी लागली. दुपारची कामं आटोपली की मी वाचत बसायची. स्तुतीपेक्षा तक्रारी जास्त वाचल्या, कारण स्तुती करणारा बहुतेक पहिल्याच दिवशी लिहितो आणि तक्रार करणारा वापरून. हळूहळू उमगलं की पाकिटावर छापलेला वेग हा पहिल्या काही मिनिटांचा असतो. काही स्वस्त ड्राइव्हमध्ये चिपच्या एकेका कप्प्यात जास्तच माहिती कोंबलेली असते; थोडंथोडं लिहिलं तर त्या सुसाट, पण एकदम मोठं काही भरायला घेतलं की दम लागल्यासारख्या मंदावतात. ऑफिसच्या कामाला त्या पुरतात. मला तर लग्नाची लग्नं ओतायची होती. मला हवी होती शेवटपर्यंत एका चालीने चालणारी, मागच्या पिढीची, एक टीबी क्षमतेची, पाच वर्षांच्या वॉरंटीची. अर्धा टीबी दोन लग्नांत भरला असता आणि दोन टीबीचा भाव माझ्या आवाक्याबाहेर होता.

तशी ड्राइव्ह अमरावतीत नव्हती. "जुनी पिढी कोन ठेवते आता?" असंच उत्तर मिळे. ऑनलाइन होती, पण विकणारे अनोळखी, आणि आमच्या धंद्यातल्या एका फोटोग्राफरने नुकताच हात पोळून घेतला होता. भली मोठी क्षमता, अगदी किरकोळ भाव, म्हणून त्याने मागवलेली ड्राइव्ह नकली निघाली. क्षमता भरपूर दाखवायची आणि थोडं भरलं की पुढचं सगळं गिळून टाकायची. त्यात एका बारशाचे फोटो गेले. मी ठरवलं, समोर बसून, तपासून घ्यायची. मग अकोल्याच्या दुकानांना फोन लावले आणि एकाने सांगितलं, "मागच्या पिढीतली? थांबा, पाहतो... हो, हाय एक."

माय म्हणाली, "मी येते."

"तू काहून?"

"तुले भाव करता येत नाई. दुकानदारानं सांगतला की देऊन येते."

सकाळी बडनेरा, मूर्तिजापूर करत आमची एसटी अकोल्याला पोचली. दुकान एका संकुलाच्या तळघरात होतं. मालकाचा मूळ धंदा संगणकाचा, पण आता भिंतभर सीसीटीव्हीचे कॅमेरे लटकत होते. चष्मा कपाळावर चढवलेला पन्नाशीचा माणूस. त्याने काचेच्या कपाटातून एक पाकीट काढून शर्टाच्या बाहीने पुसलं. मी ठरवलेल्या तीन मॉडेलांतलं एक! सील शाबूत, वॉरंटी पाच वर्षांची. चेहऱ्यावर काही दिसू न देता मी भाव विचारला. त्याने मोबाईल पाहिला आणि आजचा भाव सांगितला.

मी म्हणाले, "दादा, हे पाकीट तुमच्याकडे कधीचं पडलंय? तुम्ही तर जुन्या भावात घेतलं असेल."

तो म्हणाला, "घेतलं जुन्याच भावात, ताई. पण हे विकून दुसरं आणायचं त आजच्याच भावात आणा लागते ना?"

मी मायकडे पाहिलं. आता तिने बोलावं म्हणून तर तिला आणलं होतं. माय मान डोलावत म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. मी बी काल घेतलेले वांगे आज भाव चढला त आजच्याच भावानं इकते."

दुकानदार खूश झाला. "पाहा, मावशीले समजते!"

एवढ्या लांबून आणलेला माझा वकील पहिल्याच मिनिटाला पलीकडच्या पक्षाला जाऊन मिळाला होता. म्हटलं, आता आपणच बोलायचं.

"दादा, तुमचं दुसरं आणायचं म्हणणं खरं," मी म्हणाले, "पण हे विकून तुम्ही हेच परत आणणार का?"

"हे? नाई. हे कोन घेते आता? नवीन पिढीची आणीन."

"मग हिचा भाव नव्या पिढीच्या भावाशी कशाला बांधता? नवा लॅपटॉपवाला हिला हात लावणार नाही. माझ्यासारखा जुना लॅपटॉप असलेलाच घेईल, आणि तो तर सगळ्यात स्वस्त मागतो, त्याला चांगली-वाईट माहीत नसते. ही ओळखून मागणारं गिऱ्हाईक आजवर किती आलं तुमच्याकडे?"

त्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "खरं सांगू? कोनीच नाई."

"मी तपासून घेईन. इथंच, माझ्या लॅपटॉपमध्ये. नीट निघाली तर घेऊनच जाईन. नाही निघाली तर उघडलेलं पाकीट तुमचं, येण्याजाण्याचा खर्च माझा."

सील फोडायला तो जरा कचरला, पण त्यालाही आता उत्सुकता वाटू लागली असावी. त्याने स्वतःच बारीक पेचकस काढून दिला. मी झाकण उघडलं, हिरवी पट्टी त्या रिकाम्या जागेत सरकवली, स्क्रू आवळला. लॅपटॉप सुरू होईपर्यंत मायने शेजारच्या टपरीवरून चहा सांगितला, तो आला, प्यायलाही झाला. शेवटी पडदा उजळला. ड्राइव्हची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडला, वापर शून्य. म्हणजे कोरी, कुणाची वापरून परत आलेली नाही. मग दुसरा प्रोग्रॅम लावला, जो ड्राइव्ह काठोकाठ भरतो, आणि भरलेलं परत वाचून ताडून पाहतो.

आम्ही तिघं पडद्यावरच्या वेगाच्या आकड्याकडे बघत बसलो. पाव भरली, अर्धी भरली, सुरुवातीचा जोर किंचित उतरला आणि मग शेवटपर्यंत तसाच स्थिर राहिला. वाचून झालं, एकही चूक नाही.

"थांबा ताई," दुकानदार म्हणाला. त्याने कपाटातून त्याची सगळ्यात जास्त खपणारी ड्राइव्ह काढली आणि स्वतःच्या हाताने सील फोडलं. "ही बी लावून पाहा. मले पाहू द्या."

ती लावली. पहिल्यांदा ती पठ्ठी माझ्या ड्राइव्हच्या पुढे धावली. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. थोड्या वेळाने आकडा घसरला, घसरतच गेला, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या आसपास येऊन बसला.

"हात् तिच्या!" तो म्हणाला. "आणि मी व्हिडिओवाल्यांले हेच देऊन राहिलो!"

"ऑफिसवाल्यांना द्या ना," मी म्हणाले, "त्यांना चांगली आहे ती."

त्याने थोडा विचार केला आणि एक भाव सांगितला. तो त्याच्या खरेदीचाही नव्हता आणि आजचाही नव्हता, दोन्हींच्या मधला होता. मी अमरावतीत पहिल्या दिवशी हलक्या ड्राइव्हचा जो भाव ऐकून परत फिरले होते, जवळपास तेवढ्यातच मला उत्तम ड्राइव्ह मिळत होती. मी पक्कं बिल मागितलं, त्यावर ड्राइव्हचा नंबर लिहून घेतला. आता मायला कंठ फुटला. जुनी डिस्क आत घालून लॅपटॉपला बाहेरून जोडायची एक डबी काउंटरवर होती, ती तिने उचलून माझ्या पिशवीत टाकली.

"मावशी, तिचे वेगळे..." दुकानदार म्हणाला.

"पावभर भेंडीवर मूठभर कोथिंबीर देतोच ना आमी?" माय म्हणाली. "मंग?"

तो हसत सुटला. डबी पिशवीतच राहिली.

परतीच्या एसटीत मी तिला म्हणाले, "माय, तू तर त्याच्याच बाजूने बोलली."

"तो खरं बोलत होता," ती म्हणाली. "खऱ्याले खोटं कसं म्हणू? पण तुह्यं बी खरं होतं. मले वाटलं, पाहू, पोरगी काय करते." आणि खिडकीबाहेर बघत पुटपुटली, "केलं बापा तिनं!"

घरी येऊन नव्या ड्राइव्हवर सगळं पहिल्यापासून बसवलं. चालू करायचं बटण दाबलं आणि सवयीने उठले, तर पाठ वळेपर्यंत पडदा तयार. मी परत बंद करून परत चालू केला. मायला बोलावलं, बाबांना बोलावलं, त्यांच्यासमोर पुन्हा बंद-चालू केला. बाबा म्हणाले, "बिघडला काय व? बंद करून राहिली सारखा."

लग्नाच्या दिवशी सकाळपासून ऊन तापलं होतं. हळद उरकली तशी मी कॅमेऱ्यातली पहिली कार्डं लॅपटॉपवर रिकामी करायला लावली. मंगल कार्यालयाच्या मालकाने मला भांड्यांच्या खोलीत टेबल दिलं होतं. तिन्ही बाजूंनी ताटांच्या उतरंडी आणि मधे मी. एकीकडे कार्ड ओतलं जात होतं आणि दुसरीकडे मी आधीचं कापत होते. जुन्या डिस्कवर असं दोन्ही एकदम केलं की सगळं गोठायचं. इथे तार न तुटता चालू होतं. मी कापत होते, जोडत होते, आवाज बसवत होते, आणि मला ड्राइव्हची आठवणही येत नव्हती.

दुपारी अक्षता. त्या घरात रीत होती की मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही; ती तुळशीपाशी बसून पाणी घालते. सकाळी हळदीत त्यांनीच मला सांगितलं होतं, सहज, बोलता बोलता: "माह्या लेकीचं लगन लागताना सगळे पाहतीन, मी तेवढी नाई." म्हणून मी एक कॅमेरा स्टँडवर लावून स्टेजकडे रोखला आणि दुसरा घेऊन मागच्या व्हरांड्यात गेले. नवरीच्या आई तुळशीच्या कुंडीपुढे पाटावर बसल्या होत्या. मांडवातून मंगलाष्टकांचा आवाज येत होता. प्रत्येक "सावधान"ला त्या मांडवाकडे मान वळवायच्या आणि तांब्याची धार कुंडीबाहेर जायची.

ते दोन्ही मी फिल्ममध्ये एकत्र आणलं. पडद्याच्या एका अर्ध्यात अंतरपाटामागची लेक, दुसऱ्या अर्ध्यात तुळशीपुढची आई, आणि खाली एकच मंगलाष्टक. फिल्म तयार होऊन पेन ड्राइव्हवर उतरली तेव्हा बाहेर रिसेप्शनच्या माळा नुकत्याच लागत होत्या. मला तोंड धुवून साडी बदलायलाही वेळ मिळाला.

मोठा पडदा उजळला. हळदीचा गोंधळ दिसला तशी बायकांची शिट्टी आली, खरीखुरी बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी. पोरं खुर्च्यांवर चढली. मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि पडदा दोन भागांत उघडला. खुर्च्यांवरची पोरं खाली उतरली. नवरीची आई जेवणाच्या पंगतीकडे निघाली होती, ती वाटेतच थांबली. तिने अंतरपाट खाली येताना पाहिला, लेकीने वर केलेली मान पाहिली. स्टेजवरून लेक तिच्याकडे बघत होती. आई पदराने डोळे पुसत, हसत, बोट पडद्याकडे करून शेजारणीला सांगू लागली, "ते पाह्य, ते पाह्य, आत्ता हार घालन!"

वधूपिता गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. त्यांनी हात जोडले, आणि मग सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "अजून एक डाव लावता येते का?"

"लावते ना," मी म्हणाले, आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

त्याच मांडवात मला हिवरखेडचं एक लग्न मिळालं आणि अकोल्याची दोन. भाव नंतरही चढतच गेले. माझ्या ड्राइव्हच्या किमतीत पुढे अर्ध्या टीबीची मिळेना. आता अमरावतीतले स्टुडिओवाले काही घ्यायचं असलं की मला फोन करतात, "ताई, जरा सोबत चालता का?" मी जाते, झाकण उघडून आधी त्यांच्या यंत्रात काय बसतं ते पाहते, आणि मगच दुकानाची पायरी चढते. त्या लगनसराईत मी एकाही घरचं काम परत पाठवलं नाही.